मागचं डावं चाक

"बाय, गाडी बाजूला घे," अण्णा मागच्या सीटवरून म्हणाले.

मी घेतली. देवरुख सोडून जेमतेम वीस मिनिटं झाली होती. डाव्या हाताला काजूची बाग होती, पुढे रस्त्याखालची एक छोटी मोरी. मला वाटलं, उलटी. शेजारच्या सीटवर मी प्लास्टिकच्या पिशव्या, नॅपकिन आणि पाण्याची बाटली ओळीने मांडून ठेवत असे. त्यातली एक पिशवी उघडतच मी मागे वळले. अण्णा उशीला टेकलेले नव्हते. मान डावीकडे कलती करून, डोळे मिटून ते ताठ बसले होते.

"उलटी नाही गो. आवाज येतोय. मागच्या डाव्या चाकात."

मला काही ऐकू आलं नव्हतं. तसं मी सांगितलं.

"तुझं लक्ष घड्याळात," ते म्हणाले.

ते खरं होतं. अकराच्या आत कोल्हापूरला पोचायचं होतं. उशीर झाला की हॉस्पिटलातल्या खाटा भरून जात आणि सलाइन सुरू व्हायला दुपारचे तीन वाजत. सहा डोस ठरले होते. चार झाले होते, हा पाचवा. दर तीन आठवड्यांनी मी कॉलेजच्या ग्रंथालयातून दोन दिवसांची रजा काढायची, सकाळी पेज करून डब्यात भरायची, अण्णांना मागच्या सीटवर उशा लावून बसवायचं आणि आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं. दुसऱ्या दिवशी परत. त्यानंतरचे आठ-दहा दिवस कसे जायचे ते इथे लिहीत नाही. त्या दिवसांत मी फेऱ्या मोजूनच जगत होते. अजून दोन, अजून दोन, असं स्वतःला सांगत भांडी घासायची, कपडे वाळत घालायचे.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली.

अण्णा, म्हणजे दत्ताराम पांचाळ, एसटीच्या डेपोत चौतीस वर्षं होते, त्यातली शेवटची पंधरा फोरमन म्हणून. त्यांचा कान डेपोत प्रसिद्ध होता. निवृत्तीनंतर ते ओटीवर पेपर वाचत बसलेले असायचे आणि रस्त्यावरून एखादी बस गेली की मान वर न करता म्हणायचे, हिचं मागचं स्प्रिंगचं पाटं तुटलंय. दोन दिवसांनी कुणीतरी येऊन सांगायचं, फोरमन, अमक्या गाडीचं पाटं तुटलं. आई हे ऐकून म्हणायची, "एवढं घरातल्या माणसांचं ऐकलं असतं तर." ती गेल्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली होती. जुनी, पांढरी, मागच्या चाकांवर चालणारी, प्रत्येक चाकावर ताटलीएवढा चकचकीत स्टीलचा कॅप. तिच्यावरच त्यांनी मला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकवलं. पुस्तकातून जे शिकता येत नाही असं मी आयुष्यात एवढंच शिकले असेन.

"खिडकी उतरव," ते म्हणाले. "आणि चालायला लागल्यासारखी सावकाश ने. दुसरा गिअर टाकू नको."

मी खिडकी उतरवली. गाडी सरकली तसा खरोखरच मागून आवाज आला. टक्. थोडं थांबून टक्, टक्. डब्यात वाटाणा हलवावा तसा, पण जड.

"आला?"

"आला."

"ब्रेक दाबल्यावर वाढतो?"

मी ब्रेक दाबून पाहिला. नाही, म्हटलं.

"वळणावर?"

"सारखाच वाटतो."

"खड्ड्यात?"

"खड्ड्यात मी चाललेच नाही अजून, अण्णा."

"मग चाल. आपल्या रस्त्यावर खड्डा शोधावा लागत नाही."

कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात ती धार होती. गेले दोन महिने आमच्यात बोलणं म्हणजे गोळ्यांची वेळ, ताप किती, घोटभर पाणी घ्या, एवढंच उरलं होतं. मी एक खड्डा घेतला, दुसरा घेतला आणि मग सरळ रस्ता लागला तसा थोडा वेग दिला. आवाज थांबला.

तेही मी त्यांना सांगितलं. मी आरशात पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"बेअरिंग असणार," थोड्या वेळाने ते म्हणाले. "उतरून चाकाच्या आतल्या बाजूला बघ. ओल आहे का."

मला उतरायचं नव्हतं. पाठ दुखत होती, आणि सकाळपासून मी एकदा त्यांच्यावर चिडून झाले होते. सात वाजता अंघोळीचं पाणी तापलं म्हणून सांगायला गेले तर ते खाटेवर नव्हते. अंगणात, गाडीच्या मागे, जमिनीवर बसले होते, चाकाला पाठ टेकून. मला वाटलं पडले. विचारलं तर म्हणाले, चाकातली हवा बघत होतो. औषधांनी त्यांच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. शर्टाचं बटण लागत नव्हतं, ताटातला भात चिमटीत येत नव्हता, आणि हे हवा बघायला निघाले. मी बोलले, नको तेवढं बोलले. मग त्यांना उठवलं, तेलकट हात साबणाने धुतले, बटणं लावली. ते गप्प उभे होते, शाळेत निघालेल्या मुलासारखे.

तरी मी उतरले. पदर खोचून रस्त्याकडेच्या मातीत गुडघे टेकले आणि चाकाच्या मागे वाकून पाहिलं. टायरच्या आतल्या बाजूने एक ओली रेघ खाली आली होती. तिच्यावर धूळ बसून चिखल झाला होता.

"ओल आहे," मी म्हटलं.

"बोट लाव. पाण्यासारखी की तेलासारखी?"

"तेलासारखी. दाटसर."

"मग ब्रेकचं नाही ते. ब्रेकचं पातळ असतं. वास घे."

मी वास घेतला नाही. घड्याळात आठ वाजायला आले होते. मी बोट गवताला पुसलं आणि म्हटलं, तेलाचाच वास आहे.

"क्राऊनचं तेल," अण्णा म्हणाले. चाकं फिरवणाऱ्या दांड्याच्या नळीत ते असतं, असं त्यांनी मला गाडी शिकवताना सांगितलं होतं. त्यांनी हळू, एकेक शब्द सुटा करत समजावलं. दांड्याचं सील गेलं की ते तेल चाकात उतरतं, ब्रेकच्या पट्ट्यांना लागतं, आणि मग घाटात ब्रेक दाबला तरी धरत नाही. "आंबा घाटात असं चाक घेऊन मी एकाही ड्रायव्हरला सोडलेलं नाही. तुला कसा सोडू?"

साखरप्याला अंकुशकडे दाखवू, असं त्यांनीच सुचवलं.

अंकुश घडशी अण्णांच्या हाताखाली तयार झालेले. मी त्यांना अंकुशदादा म्हणत असे. डेपो सोडून त्यांनी साखरप्याच्या नाक्यापासून थोडं आत गॅरेज टाकलं होतं. पत्र्याची शेड, पुढे फणसाचं झाड, झाडाखाली एसटीतूनच कधीतरी निघालेलं एक लांब बाकडं. आम्ही पोचलो तेव्हा ते शेडचं कुलूप काढत होते. गाडी ओळखून हसत आले, आणि मागच्या दारातून अण्णा उतरायला लागले तसं त्यांचं हसू एक क्षणभर कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. अण्णांना त्यांनी चार महिन्यांपूर्वी पाहिलं होतं.

"फोरमन," ते म्हणाले, "मला सांगत होतात पोट कमी कर, पोट कमी कर. आणि केलंत तुम्ही."

"तू ऐकशील तेव्हा ना," अण्णा म्हणाले.

दोघांनी धरून त्यांना बाकड्यावर बसवलं. मी पाठीमागे उशी दिली. अण्णांनी एखाद्या मोठ्या डॉक्टरने धाकट्याला केस सांगावी तशी सगळी हकीकत सांगितली. कुठून आवाज, कधी, ओल कुठे. शेवटी म्हणाले, "सीलही गेलंय आणि बेअरिंगही. चाक पुरं खोलावं लागेल तुला. अर्धा दिवस जाईल."

अकराच्या आत पोचायचंय, असं मी अंकुशदादांना हळूच सांगितलं. कशासाठी, तेही सांगितलं. ते मान हलवून म्हणाले, आधी बघू तर द्या.

गाडी स्वतः चालवत त्यांनी नाक्यापर्यंत एक फेरी मारली. मी शेजारी बसले होते. जाताना ते सावकाश गेले, आणि आवाज येत राहिला. येताना वेगात आणली, आवाज बंद. त्यांनी पुन्हा वेग कमी केला. टक्, टक्. परत वाढवला. काही नाही.

"सकाळपासून असंच होतंय?" त्यांनी विचारलं. "हळू असलं की येतो आणि जोरात गेलं की बंद?"

मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग समोर पाहिलं आणि गाडी गॅरेजकडे वळवली. बेअरिंगचा आवाज वेगाबरोबर वाढत जातो हे तेव्हा मला माहीत नव्हतं. अण्णांनी मला ते कधीतरी सांगितलं असणार. मी ऐकलं नसणार.

गाडी त्यांनी शेडच्या तोंडाशी, डावी बाजू आत येईल अशी लावली. बाकड्यावरून अण्णांना गाडीचं नाक दिसत होतं, चाक दिसत नव्हतं. अंकुशदादांनी जॅक लावला नाही. मी विचारलं तर म्हणाले, लागला तर लावू. ते पोत्यावर आडवे झाले, चाकाच्या मागे हात घातला आणि बोट बाहेर काढून नाकाशी नेलं. मग दुसऱ्यांदा नेलं. उठून बसले.

"ताई, तुम्ही बघा," असं म्हणून त्यांनी बोट माझ्यापुढे धरलं.

तिळाचं तेल, कापूर आणि त्याखाली मुळ्यांचा कडवट वास. अण्णांच्या तळपायांची आग व्हायची म्हणून रोज संध्याकाळी मी त्यांना नारायण तेल लावत असे. माझ्या साड्यांना, उशांच्या अभ्र्यांना, वाचायला घेतलेल्या पुस्तकांच्या पानांनासुद्धा त्या दिवसांत तोच वास होता.

अंकुशदादांनी खिशातून पेचकस काढला, चाकावरच्या कॅपच्या कडेला तो घालून एक हिसका दिला. कॅप त्यांच्या तळहातात आला. त्याच्या खळग्यात एक नट होता. अंगठ्याएवढा, जुना, पण गंज पुसून स्वच्छ केलेला. आमच्या पडवीत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असे शेकडो नट-बोल्ट होते. अण्णा कधी काही टाकत नसत.

मग अंकुशदादांनी नट होता तसाच ठेवून कॅप परत चाकावर बसवला आणि तळहाताची एक थाप मारली. मोठ्याने, बाकड्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "ताई, हात धुवायला या. तेल लागलंय तुम्हाला."

माझ्या हाताला काही लागलं नव्हतं. मी त्यांच्या मागून शेडच्या पाठीमागे गेले. तिथे पाण्याचं पिंप होतं, त्यावर अर्धी करवंटी आणि साबणाची वडी. त्यांनी आधी स्वतःचे हात धुतले, पुष्कळ वेळ धुतले, आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

ते डेपोत लागले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. नवीन माणूस आला की फोरमन त्याची परीक्षा घ्यायचे, आणि परीक्षा दरवर्षी तीच असायची. डेपोच्या जीपच्या मागच्या चाकाच्या कॅपमध्ये एक नट टाकायचा, चाकाला आतून थोडं तेल पुसायचं आणि नव्या माणसाला सांगायचं, आवाज येतोय, तेल गळतंय, काय झालंय ते शोधून काढ. हळू चाललं की नट आत आपटतो. जोरात चाललं की कडेला चिकटून बसतो, आवाज बंद. हे ज्याच्या ध्यानात आलं तो आधी कॅप काढून बघायचा. ज्याच्या आलं नाही तो चाक खोलायचा.

"मी अख्खं चाक खोललं," अंकुशदादा म्हणाले. "ड्रम काढला, दांडा बाहेर ओढला, बेअरिंग धुऊन बघितलं. सकाळी आठला बसलेला माणूस दुपारी दोनला उठला. सगळं परत बसवलं, कॅप लावला, तरी आवाज येतोच. कॅप मी बाजूला पालथा ठेवला होता. नट खाली पडला, तो मी कॅपचाच समजून परत आत टाकला. वर्षभर मला डेपोत नट म्हणत होते."

ते हसले नाहीत. पंचाला हात पुसत राहिले.

"म्हणून फोरमन माझ्याकडे आले. त्यांना वाटलं असणार, हा आजही चाक खोलेल."

शेडच्या पलीकडे अण्णा खोकले. आम्ही दोघं थांबलो. खोकला थांबला.

"मी नट काढतो आणि तेल पुसतो," ते म्हणाले. "दहा मिनिटं. गाडीला काही झालेलं नाही, घाट आरामात चढेल. सील टाकलं असं फोरमनना सांगतो. ते मला काही बोलायचे नाहीत. साडेदहाला तुम्ही कोल्हापुरात. ही गाडी नको असेल तर नाक्यावर जीप मिळते, ओळखीचा ड्रायव्हर आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "तुम्ही सांगाल तसं."

मी पिंपात पाहत होते. पाण्यावर फणसाचं एक पान तरंगत होतं.

चौथ्या डोसानंतर, बऱ्यापैकी बोलता यायला लागल्यावर, अण्णांनी मला एकदा विचारलं होतं, हे पुढचे दोन नाही घेतले तर काय होतं? मी उठून पुस्तक आणलं. आजारावरची मिळतील ती सगळी पुस्तकं मी मागवून वाचली होती. त्यातलं एक पान मी त्यांना वाचून दाखवलं, शेकड्यात किती, किती वर्षं, सगळं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, बरं. ते बरं मी होकार म्हणून घेतलं.

आणखी एक गोष्ट होती. आईच्या वेळी आईने सांगितलं होतं, मला आता कुठे नेऊ नका, आणि अण्णांनी तिचं ऐकलं होतं. ती गेल्यावर तेराव्याच्या दिवशी, पाहुणे बसलेले असताना, मी त्यांना म्हणाले होते, तुम्ही तिला जाऊ दिलंत. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. माझा भाऊ मनोहर बडोद्याला असतो. तो दर रविवारी फोनवर म्हणायचा, सहाच्या सहा पुरे करायचे हं अण्णा, आणि अण्णा म्हणायचे, ताई आहे ना, ती सोडणार नाही.

त्या बधिर बोटांनी त्यांनी कॅप कसा काढला असेल, याचाच मी विचार करत होते. पेचकस किती वेळा निसटला असेल. नट किती वेळा मातीत पडला असेल. आणि ते सगळं झाल्यावर चाकाला टेकून दम खात बसले असताना मी येऊन त्यांना बोलले.

"नट राहू दे," मी म्हटलं.

अंकुशदादांनी मान हलवली. पंचा दोरीवर टाकला.

मी बाकड्याकडे गेले. अण्णांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. उन्हाचा एक कवडसा त्यांच्या गुडघ्यावर आला होता. मी शेजारी बसले.

"काय म्हणतो अंकुश?"

"बेअरिंग गेलंय म्हणतात. सीलही."

"बघितलंन नीट?"

"बघितलं. मीही बघितलं."

त्यांच्या हातात काठी होती. तिचं टोक ते मातीत फिरवत होते.

"सामान?"

"इथे मिळत नाही म्हणाले."

"रत्नागिरीला?"

"तिथेही नाही मिळणार."

त्यांचं टोक फिरवणं थांबलं. रस्त्यावरून एक बस गेली. एरवी त्यांनी तिचं काहीतरी सांगितलं असतं.

"मग आजचं राहिलं," ते म्हणाले. "पुढचा नंबर कधीचा लावायचा?"

"गाडी नीट झाल्यावर बघू."

"जुनी गाडी आहे, बाय. हिचं सामान आता येत नाही. नीट होईल, नाही होणार."

"नाही झाली तर नाही झाली," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या मनगटावर हात ठेवला. बोटांना लागत नव्हतं म्हणून की काय, जरा जोरातच धरलं. मग म्हणाले, भूक लागलीय, पेज आहे ना?

डबा मी गाडीतून आणला. त्यांनी चार चमचे पेज खाल्ली, थांबून आणखी दोन. अंकुशदादांनी समोरच्या टपरीवरून चहा मागवला. डेपोतल्या कुणाकुणाच्या गोष्टी निघाल्या. मी हॉस्पिटलला फोन करायला नाक्यावर गेले, येणार नाही असं सांगितलं. पलीकडच्या बाईने कारण विचारलं. गाडी बिघडली, मी म्हटलं.

निघताना दोघांनी धरून अण्णांना मागच्या सीटवर बसवलं. दार लावायच्या आधी अण्णांनी अंकुशदादांची बाही धरली.

"या खेपेला चाक नाही खोललंस."

"नाही फोरमन. आधी कॅप काढला."

"तीस वर्षं लागली तुला."

"शिकवणारा तसा होता," अंकुशदादा म्हणाले आणि दार लावलं. मग माझ्या खिडकीशी येऊन, कोरड्या आवाजात, गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं, "ताई, वीसच्या वर नेऊ नका. चाक हळूच चालेल."

अण्णा त्यानंतर नऊ आठवडे होते. त्यातले पहिले पाच बरे गेले. तोंडातले फोड भरले. कुळथाची पिठी आणि भात मागून खायला लागले. अंगणात खुर्ची टाकून बसायचे, तिथून मला बॉनेट उघडायला लावायचे आणि काय कुठे आहे ते विचारायचे. चुकलं की म्हणायचे, वाचलंस एवढं, हे कुठे वाचलं नाहीस? अंकुशदादा दोन रविवार येऊन गेले. आल्या आल्या सांगायचे, सामान अजून आलं नाही फोरमन, आणि अण्णा म्हणायचे, घाई नाही. शेवटचे चार आठवडे शेवटच्या आठवड्यांसारखेच होते. त्यांना कुठे न्यावं लागलं नाही. त्या काळात एकदा, मी तळपायांना तेल लावत असताना, ते म्हणाले, तुझी आई पण हेच म्हणाली होती मला, आता कुठे नेऊ नका. मी तेल लावत राहिले.

मनोहर त्या पाचव्या फेरीबद्दल मला नंतर विचारत राहिला. दिवसकार्यानंतर सगळे पांगले तेव्हा त्याने शेवटी सरळच विचारलं. गाडी बिघडली हे ठीक, पण साखरप्यात दुसरी गाडी मिळाली नसती?

"मिळाली असती," मी म्हटलं.

तो उठून विहिरीकडे गेला.

पण ते पुढचं. त्या सकाळी आम्ही साखरप्याहून देवरुखच्या रस्त्याला लागलो तेव्हा साडेनऊ झाले होते. ऊन वर आलं होतं. मी दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाही. मागून येणारे ट्रक हॉर्न देत, मी हात दाखवून त्यांना पुढे काढत होते. एक दुधाच्या किटल्या लावलेला सायकलवाला चढावावर आम्हाला मागे टाकून गेला, जाताना वळून बघून गेला. मागच्या डाव्या चाकात नट आपटत होता. खिडक्या उतरवलेल्या होत्या, मोहोराचा वास येत होता. आरशात अण्णा दिसत होते. उशीला टेकून, डोळे मिटून, तोंड थोडं उघडं. झोपले, असं मला वाटलं.

मोरीच्या अलीकडे रस्ता सरळ आहे. तिथे सवयीने माझा पाय दाबला गेला. काटा वीसच्या पुढे गेला आणि आवाज थांबला.

अण्णांनी डोळे उघडले.

मी पाय उचलला. गाडी मंदावली. टक्. मग जरा थांबून टक्, टक्.

त्यांनी डोळे मिटले.